सोनिवलीचे एकतीस वर्गणीदार

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं नोकरी केली. संशय घेण्याचाच पगार मिळायचा म्हणा ना. प्लांटवरून फोन यायचा, "बॅच एकदम ओके आहे मॅडम, सही करून टाका." मी म्हणायचे, "बाटली पाठवा, बघते." बाटली बघितल्याशिवाय मी कधी सही केली नाही, आणि त्यामुळे तिथे कुणी माझ्याशी फार गोडही बोललं नाही. घरी आल्यावरही ती खोड जात नसे. हळद पाण्यात टाकून बघायची, तूप बोटावर चोळून बघायचं. नवरा चित्रकलेचा शिक्षक होता. तो म्हणायचा, "मी बघायला आलो तेव्हा तुझ्या हातात पोह्यांची बशी होती म्हणून निभावलं. टेस्ट ट्यूब असती तर आपलं लग्न झालं नसतं."

कारखाना दुसऱ्या राज्यात हलला आणि मी बदलापुरातल्या घरी बसले. त्याच उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या पाण्याला वास यायला लागला. सोसायटीचे लोक म्हणाले, बारवीचंच पाणी आहे, धरण तळाला गेलं की असा वास येतो. मी बाटली भरली. क्लोरीन तपासायचे थेंब टाकले की नळाचं पाणी पिवळं व्हायला हवं. ते झालं नाही. म्हणजे कुठल्या तरी विहिरीचं टँकरने आणलेलं पाणी बारवीच्या नावाखाली आमच्या टाकीत पडत होतं. मी ते सगळं साध्या मराठीत लिहून काढलं. ते लोकांपुढे ठेवायला जागा हवी म्हणून वेबसाइट काढायचं ठरवलं.

ती बनवून दिली उल्हासनगरच्या एका दुकानदाराने. आमच्या कारखान्याला कॉम्प्युटर पुरवायला तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याचे केस काळे होते आणि माझेही. सिंधी माणूस, पण मराठी माझ्यापेक्षा वेगात बोलायचा. अर्ध्यातून हिंदीत शिरायचा आणि परत यायचा. मला तो 'अदी' म्हणायचा. त्यांच्यात बहिणीला तसं म्हणतात. फर्निचरच्या बाजारामागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. तिथे कॉम्प्युटर, कॅमेरे, केबलची भेंडोळी, आणि या सगळ्यात बसायला एक स्टूल. वेबसाइटचं तांत्रिक काम सगळं तोच बघायचा. पासवर्ड त्याच्याकडे, दुरुस्त्या त्याच्याकडे, साइटच्या तळाशी 'अडचण आल्यास' म्हणून नंबरही त्याचाच. मी फक्त बाटल्या भरायची आणि लिहायची.

चार वर्षं असं चाललं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, जिथून कुणी बोलवेल तिथे नवऱ्याच्या स्कूटरवर मागे पिशवी धरून मी जायची. पाणी तपासायची, रिपोर्ट लिहायची आणि साइटवर टाकायची. लोक वाचायचे, ग्रुपवर पाठवायचे. बऱ्याच वेळा खाली माझं नावही राहत नसे. तपासणीच्या बाटल्या आणि रसायनं मात्र मलाच विकत घ्यावी लागत. पेन्शन कसली ती नव्हतीच.

"अदी, कुलूप लावा," एकदा दुकानात तो म्हणाला.

"कसलं कुलूप?"

"साइटला. वर दोन पॅरा फुकट, पुढचं वाचायचं तर वर्षाची वर्गणी. फुकट की चीज की कोई कदर नहीं करता. लोक चहाला पैसे देतात, पाण्याला देतात, वाचायला का नको?"

मला ते पटायला दोन महिने लागले. पटलं तेव्हा मी एक अट घातली. धोक्याचा इशारा कधी कुलपात जाणार नाही. जागेचं नाव आणि 'हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये' हे वाक्य पहिल्या दोन परिच्छेदांत, सगळ्यांसाठी उघडं. कुठली तपासणी केली, आकडे काय आले, दोष कुठे असेल, काय दुरुस्ती करावी, हे आत. तो म्हणाला, "बरोबर आहे. जान का सवाल बाहर, दिमाग का माल अंदर."

कुलूप लागलं आणि आजवर माझ्याकडे कधी संशयाने न बघितलेले लोक माझ्याकडे तसं बघायला लागले. साइटवर 'पुढे वाचण्यासाठी वर्गणीदार व्हा' असा चौकोन यायचा. आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठल्या मंडळाची वर्गणी ही? गणपती तर होऊन गेले." ही झाली गंमत. पण खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी लिफ्टमध्ये मला हसत विचारलं, "काय मॅडम, झाकून ठेवायचे पैसे कोण देतं, बिल्डर की टँकरवाला?" दार उघडल्यावर ते निघून गेले आणि मी माझा मजला सोडून वर गेले. चार वर्षं फुकट दिलं तेव्हा 'ही का देते' असं कुणी विचारलं नव्हतं. दाराला कडी घातली तेव्हा मात्र आत काय लपवलंय हा प्रश्न लगेच आला. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मीही हाच विचारला असता.

पहिल्या तीन महिन्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वर्गणीदार झाले, त्यात एक माझी नणंद.

मग सोनिवलीहून फोन आला. तिथे दोन वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या एका संकुलाच्या सोसायटीच्या सेक्रेटरी बोलत होत्या. चाळिशीच्या असतील, मुंबईला एका ऑफिसात जायच्या, बोलणं नेमकं. "आमच्या विंगमध्ये पाच-सहा मुलांची पोटं बिघडलीयेत. डॉक्टर म्हणतात पाणी बघा. तुम्ही याल?"

रविवारी गेलो. बाईंनी खालची टाकी दाखवली, गच्चीवरची दाखवली, चार घरांतले नळ सोडून दिले. मी बाटल्या भरल्या. पाण्यात मैला मिसळतोय का हे बघायची एक छोटी बाटली मिळते. तिच्यात औषध लावलेला कागद असतो. पाणी भरून दीड-दोन दिवस उबेत ठेवायचं; काळं पडलं की समजायचं. घरी येऊन मी सगळ्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून फ्रिजच्या मागे ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर खालच्या टाकीची बाटली शाईसारखी काळी. गच्चीवरचीही. नळांच्याही.

मी बाईंना फोन केला. खालच्या टाकीला ड्रेनेजचा चेंबर लागून आहे, भिंतीतून पाझरत असणार, टाकी रिकामी करून दुरुस्त करा, तोवर सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगा. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "रिपोर्ट साइटवर येणार का?"

"येतो. प्रत्येकाचा येतो."

"आता कुलूप असतं ना त्याला?"

"आतल्या भागाला असतं."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

मी रिपोर्ट लिहिला. पहिल्या परिच्छेदात साधी ओळख, दुसऱ्यात संकुलाचं नाव आणि इशारा, मग कुलूप.

त्यानंतरच्या आठवड्यात एकतीस नवे वर्गणीदार झाले.

पहिल्या दिवशी चार आले तेव्हा मी नवऱ्याला श्रीखंड आणायला लावलं. दुसऱ्या दिवशी नऊ. मी नावं मोठ्याने वाचत होते आणि तो म्हणत होता, "बघ, लोकांना किंमत असते." चौथ्या दिवशी माझा हात थबकला. रंगाच्या एकतीस डब्यांचे नमुने आले आणि सगळ्यांची छटा तंतोतंत एक निघाली, तर प्रयोगशाळेतला माणूस खूश होत नाही. तो विचारतो, हे सगळे एकाच डब्यातून भरले का?

वर्गणीदार काय उघडून वाचतो हे साइटच्या मागच्या बाजूला मला दिसायचं. जुने वर्गणीदार इकडचं तिकडचं वाचायचे. या एकतिसांनी एकच पान उघडलं होतं, सोनिवलीचा रिपोर्ट. दुसरं एकही नाही. मी सगळ्यांना स्वागताचं पत्र पाठवलं; कुणी उघडलंदेखील नाही. वर्गणी घेताना आम्ही फक्त नाव, फोन नंबर आणि ईमेल विचारायचो, घरचा पत्ता नाही. मी त्यातल्या एकाला फोन लावला. "तुम्ही आमच्या साइटचे वर्गणीदार झालात, धन्यवाद. कुठे राहता आपण?"

"मी... बदलापूरला."

"बदलापुरात कुठे?"

फोन कट. दुसऱ्याने तर माझं नाव ऐकूनच ठेवला.

सोनिवलीच्या त्याच संकुलाचा दुसरा टप्पा तेव्हा बांधून होत होता. रस्त्याच्या कडेला त्याचे मोठे फलक लागले होते. बिल्डरचीच माणसं असणार, मी ठरवलं. पण कशाला? रिपोर्ट वाचायला एक वर्गणी पुरे, एकतीस कशाला?

त्याच आठवड्यात उल्हासनगरला साइटवाल्याच्या दुकानात गेले. तो गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी स्टुलावर बसले. काउंटरवर, माझ्या हाताशी, एक कोटेशन पडलं होतं. कॅमेरे, केबल, बसवण्याचा खर्च, आणि वर त्याच सोनिवलीच्या संकुलाचं, दुसऱ्या टप्प्याचं नाव. मी ते उलटं वाचलं, मग मान वाकवून सुलटं वाचलं. त्याने गिऱ्हाईक सोडलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी विचारलं, "एकतीस जण आले, बघितलंस?"

"देखा ना! मी म्हटलं होतं ना अदी, कुलूप लावा."

तो हसत होता. वीस वर्षं मी ते हसणं बघत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ते तपासून बघावंसं वाटलं. कुलपाची कल्पना कुणाची? त्याची. किल्ली कुणाकडे? त्याच्याकडे. बिल्डरचं काम कुणाला मिळतंय? त्याला. चहा मी अर्धा ठेवला. कोटेशनबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं, पण संशय आला की मी विचारत नाही, नमुना गोळा करते. इतक्या वर्षांत मला दुसरं काही येतच नव्हतं.

दीडएक महिन्याने एका अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज तरुण बाईचा, दमलेला. ती अंबरनाथला पॅकिंगच्या कामाला जायची. माहेर बारवी धरणाच्या अंगाला एका पाड्यावर, सासर खरवईला, आणि महिन्यापूर्वी ते तिघं सोनिवलीच्या त्या संकुलात भाड्याने राहायला आले होते.

"मॅडम, माझ्या पोरीला कावीळ झालीय. चार वर्षांची आहे. डॉक्टर पाणी-पाणी करतायत. पण जागा घेण्याच्या आधी मी तुमची साइट बघितली होती. तिच्यात तर काय वाईट दिसलं नाय."

"दिसलं नाही? दुसरा परिच्छेद वाचलात ना? त्यात स्पष्ट लिहिलंय."

"दुसरा नव्हता. वर सोनिवली लिहिलेलं, खाली एकच होता. पाणी म्हणजे जीवन का कायसं. मग पैसे भरा आलं. मला वाटलं पुढं कायतरी शिकलेल्या लोकांचं असेल."

मी फोन ठेवला आणि माझ्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. दुसरा परिच्छेद होता तिथेच होता. मग लक्षात आलं की मी मालकीण म्हणून आत शिरते. मला सगळंच दिसतं. नवऱ्याचा फोन घेतला आणि बाहेरच्या माणसासारखं पान उघडलं. पहिला परिच्छेद, आणि लगेच चौकोन. संकुलाचं नाव आत, इशारा आत. कुणीतरी कुलूप एक परिच्छेद वर सरकवलं होतं.

मी सरळ उल्हासनगर गाठलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांचीही मी पर्वा केली नाही.

"सोनिवलीच्या रिपोर्टचं कुलूप वर कुणी घेतलं?"

तो गोंधळला. "मी घेतलं अदी. पण तुम्हीच तर—"

"बस. आणि हे?" कोटेशन आता तिथे नव्हतं, तरी मी काउंटरवर बोट आपटलं. "कॅमेऱ्यांचं काम. याच्या बदल्यात ते? एका पोरीला कावीळ झालीय. चार वर्षांची. तू मला विकलंस."

गिऱ्हाइकं बाहेर जाऊन उभी राहिली. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. स्टूल त्याने मागे सरकवलं, बसण्यासाठी नाही, मला वाट देण्यासाठी. "मॅडम," तो म्हणाला, "आप जाइए."

वीस वर्षांत त्याने मला मॅडम म्हटलं नव्हतं. मी निघाले. रिक्षात बसले तेव्हा मला वाटत होतं की मी बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी सोनिवलीला गेलो. त्या मुलीच्या घरचं पाणी मला परत तपासायचं होतं. मुलीला दवाखान्यातून घरी आणलं होतं. ती पिवळ्या डोळ्यांनी टीव्ही बघत होती. मी स्वयंपाकघरातला नळ सोडला, बाटली भरली. तिची आई म्हणाली, "माहेरी जन्मभर विहिरीचं प्यायले, कधी ताप आला नाय. इथं लिफ्ट आहे, आणि पोरगी आजारी."

बाहेर पडताना मला जिन्यात वीस लिटरचे पाण्याचे जार दिसले. शेजारच्या दारापाशी दोन, समोरच्या दारापाशी एक. मी एकेक मजला चढत गेले. बहुतेक दारांशी जार होते. फक्त काही दारांशी नव्हते. वॉचमनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जार कंपनीवाला रोज येतो ना. मालक लोक मागवतात."

"आणि भाडेकरू?"

"त्यांना कुठं माहीत. ग्रुप मालकांचाच आहे."

खाली लिफ्टशेजारी सूचनाफलक होता. त्यावर सत्यनारायणाच्या पूजेच्या वर्गणीची यादी लावली होती: फ्लॅटचा नंबर, मालकाचं नाव. नवरा स्कूटर काढायला गेला होता म्हणून मी ती उगाच वाचत उभी राहिले. तिसऱ्या ओळीला मी चष्मा पुसला. ही नावं मला पाठ होती. आधी मी ती मोठ्याने वाचली होती, मग संशयाने वाचली होती. मी बोट लावून यादी खालपर्यंत नेली. एकतीसच्या एकतीस तिथे होते.

मी सेक्रेटरी बाईंचं दार वाजवलं. त्यांच्या दाराशीही जार होता. मला बघून त्यांनी आत घेतलं, पाणी विचारलं आणि स्वतःच थांबल्या.

"जारचं चालेल," मी म्हणाले.

त्या समोर बसल्या. लपवालपव केली नाही, हे मला आजही मान्य करावं लागतं. "तुम्हाला कळेल असं वाटलंच होतं. फोन केलात तेव्हा आमच्या एका मेंबरची तंतरली."

"तुम्हीच बोलावलंत मला."

"हो. आम्हाला कळावं म्हणून. सगळ्या जगाला कळावं म्हणून नाही."

"आणि एकतीस वर्गण्या?"

"आम्हाला आतलं वाचायचं होतं. दुरुस्ती कशी करायची ते तुम्ही छान लिहिलंय. आणि म्हटलं, कुलपातून तुम्हाला चार पैसे मिळाले तर तुम्ही कुलूप काढणार नाही." त्या हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. "तुमचा एक लेख पन्नास ग्रुपवर फिरतो मॅडम. टाकी आठ दिवसांत दुरुस्त होईल, कोटेशन मागवलंय. पण सोनिवलीचं ते घाण पाण्याचं कॉम्प्लेक्स, हे नाव पुसायला दहा वर्षं लागतात. माझ्या समोरच्यांना फ्लॅट विकायचाय, वडिलांच्या ऑपरेशनसाठी. त्यांनी काय करायचं?"

"इशारा मी उघडा ठेवला होता. तो आत कसा गेला?"

"साइटवर नंबर आहे ना खाली. मी फोन केला. म्हटलं, मॅडमशी बोलणं झालंय, सोसायटीचं नाव वर येतंय तेवढं आत घ्या. ते म्हणाले, मॅडमनी सांगितलंय तर घेतो."

दुकानात माझ्या 'बस'च्या आधी अर्धवट राहिलेलं त्याचं वाक्य आता पूर्ण झालं होतं.

"तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या मुलीला कावीळ झालीय," मी म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. त्यांना माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटलं. "त्या ग्रुपवर नाहीत," त्या हळूच म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. उठून त्या खिडकीपाशी गेल्या. जाताना मी सांगितलं की आज रिपोर्ट सगळाच्या सगळा उघडा करणार. त्या म्हणाल्या, "करा. पण मला परत कधी फोन करू नका."

उघडा करायला किल्ली हवी होती आणि किल्ली उल्हासनगरला होती. मी फोन करू शकले असते. नवऱ्याने स्कूटर घराकडे न वळवता सरळ उल्हासनगरच्या रस्त्याला लावली, मला न विचारता.

दुकानात तो एका उघड्या कॅमेऱ्यावर वाकला होता. मी उभीच राहिले. "माझं चुकलं," मी म्हणाले. "मी तुला बोलू दिलं नाही."

तो स्क्रू पिळत राहिला. पिळता पिळताच म्हणाला, "त्या बाईने सांगितलं तुम्ही हो म्हणालात. एक फोन मी तुम्हाला करायला पाहिजे होता. नाही केला. इतनी गलती मेरी." मग त्याने मान वर केली. "लेकिन आपने सोचा मैं बेच दूँगा. एका मिनिटात सोचलं. गिऱ्हाइकांसमोर."

मला सांगायचं होतं की एका मिनिटात नाही, दीड महिना विचार करत होते. ते त्याहून वाईट झालं असतं.

"रिपोर्ट उघडा करायचाय," मी म्हणाले. "सगळे पाण्याचे रिपोर्ट. कायमचे."

त्याने कॉम्प्युटर वळवला आणि दोन मिनिटांत काम केलं. मग एका कागदावर सगळे पासवर्ड लिहिले, प्रत्येकाखाली रेघ ओढली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. "आता तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे नको." मी म्हणाले, राहू दे तुझ्याकडेच. त्याने कागद आणखी पुढे सरकवला. मी घेतला.

रिपोर्ट संध्याकाळपर्यंत सोनिवली, खरवई, बदलापूरच्या ग्रुपांवर फिरला. संकुलातल्या दोन भाडेकरूंनी महिनाअखेर जागा सोडली. सेक्रेटरी बाईंच्या समोरच्यांचा फ्लॅट तेव्हा विकला गेला नाही. वडिलांचं ऑपरेशन नातेवाइकांनी मिळून केलं, असं मी पुढे ऐकलं आणि मला बरं वाटलं नाही. टाकी मात्र सहा दिवसांत रिकामी झाली, भिंत फोडली, चेंबर दुसरीकडे नेला. मी परत जाऊन बाटली भरली; दोन दिवसांनीही कागद जसाच्या तसा होता. तेही मी लिहिलं, तितक्याच मोठ्या अक्षरांत, आणि नावासकट. एकतिसांपैकी बहुतेकांनी वर्गणी परत मागितली आणि मी परत केली. सहा जणांनी मागितली नाही. का नाही, हे मला अजून कळलेलं नाही, आणि मी त्यांना विचारायचं टाळते.

मुलगी बरी झाली. तिची आई तिथेच राहिली. "आता इथलंच पाणी सगळ्यात चांगलं असणार," ती म्हणाली, "एवढी धुतलीय टाकी." कुठलीही साइट उघडली की आधी ती खालपर्यंत बोट सरकवून बघते, कुठे काही चौकोन येतो का.

साइटवर कुलूप अजून आहे, पण पाण्याच्या रिपोर्टांना नाही. सोसायटीचे कागद कसे वाचावेत, टाकी साफ करायला माणसं कशी निवडावीत, असं लांबलचक मी लिहिते, ते आत असतं. थोडे लोक पैसे देऊन वाचतात. उल्हासनगरचा भाऊ अजून साइटची दुरुस्ती करतो, बिल पाठवतो, आणि काही बदलायचं असलं की आधी लेखी होकार मागतो. एवढासा स्वल्पविराम असला तरी.

तपासणीला बोलावणाऱ्यांचे फोन मात्र कमी झाले. आता लोक आधी एकच गोष्ट विचारतात. गेल्या महिन्यात खरवईच्या एका सोसायटीतून फोन आला.

"रिपोर्ट सगळ्यांना दिसतो ना?"

"दिसतो. पाण्याचा पूर्ण उघडा असतो."

"मग राहू द्या."

असे तीन फोन झाले. चौथा अंबरनाथहून आला. त्या गृहस्थांनी हाच प्रश्न विचारला, मी हेच उत्तर दिलं आणि ते म्हणाले, "हो, म्हणूनच या." मी तारीख लिहून घेतली. फोन ठेवल्यावर थोडा वेळ विचार करत बसले, म्हणूनच या म्हणजे काय? शेजारच्या सोसायटीशी भांडण असेल, का कमिटीतल्या कुणाला पाडायचं असेल? मग उठले आणि बाटल्या उकळायला ठेवल्या.